पद्मिनआत्याची लुंबिनी

पद्मिनआत्या सामान बांधत नाही, सामान ॲडमिट करते.

आमच्या घराण्यात कुणाची बदली झाली, कुणी भाड्याची खोली सोडली, कुणी नवं घर बांधलं, की आदल्या दिवशी आत्या दारात हजर. खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत बँडेजच्या गुंडाळ्या. "दवाखान्यातल्या न्हाईत ह्या, दुकानातून इकत घेतल्यात," हे ती दर वेळी आपणहून सांगते. कुणी विचारलेलं नसतं. मग फरशीवर बसकण मारायची आणि घरातल्या एकेका कपाला बँडेज बांधायला सुरुवात करायची. कान तुटलेल्या कपाला दोन पदर जास्त. काचेचं सगळं आयसीयूत, म्हणजे गादीच्या घडीत. स्टीलची भांडी जनरल वॉर्डात. मिक्सर ऑपरेशनची केस. आणि फ्रीज हार्टचा पेशंट. "त्याला उताणा झोपवायचा न्हाई. उभाच न्यायचा. पोचल्या पोचल्या बटन दाबायचं न्हाई, दम खाऊ द्यायचा त्याला."

अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची उभी हयात गेली. रिटायर होऊन काही वर्षं झाली, पण आवाज अजून ड्युटीवरच आहे. लग्न केलं नाही. कुणी "कावून केलं न्हाई?" असं विचारलंच तर म्हणते, "दिवसभर बायकांच्या कळा मोजायच्या आन् संध्याकाळी आपणच मंडपात जाऊन बसायचं व्हय?" विचारणारा पुन्हा त्या वाटेला जात नाही.

माझे वडील बळीराम हे तिचे धाकटे भाऊ. पन्नाशी ओलांडली, टक्कल पडलं, नात शाळेत जायला लागली, तरी आत्यासाठी ते बळ्या. ते तिला अक्का म्हणतात आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणतात. पुढचं सगळं अक्का बोलते.

तर अशा या आत्यानं एक दिवस जाहीर केलं, की मी परदेशी चाललेय.

परदेश म्हणजे नेपाळ. नेपाळात लुंबिनी. विहारातल्या आठ-दहा बायका आणि दोन रिटायर सिस्टर मिळून जाणार होत्या. परळीहून रेल्वे, गाड्या बदलत गोरखपूर, तिथून बसनं बॉर्डर. मी म्हणालो, "छान. मतदान कार्ड घे बरोबर. पासपोर्ट लागत नाही."

"लागत न्हाई म्हंजे? परदेश हाय का न्हाई?"

"आहे. पण आपल्याला लागत नाही."

"लागू न्हाईतर न लागू. परदेशाला निघालेलं माणूस तालुक्याला गेल्यागत जातंय का?"

आणि तिनं पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस घरी आला. आत्यानं त्याला नाव विचारलं, गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, आणि म्हणाली, "तू तर पायाळू! पायाकडून आलतास. रडंना म्हणून मीच उलटा धरून चापट मारलीय तुला. आता माझी चौकशी करतो का रे?" तो बिचारा चहा पिऊन, पाया पडून गेला. पासपोर्ट आला. बॉर्डरवर त्याच्यावर शिक्का मारत नाहीत हे कळल्यावर मात्र आत्या दोन दिवस कुणाशी नीट बोलली नाही.

मग तिनं मोबाइलवरून नेपाळी शिकायला घेतलं. भाषेत नमस्कार असतो, धन्यवाद असतो, रस्ता विचारायचा असतो. आत्या एकच वाक्य शिकली. "कहाँ दुख्छ?" म्हणजे कुठं दुखतंय? तेवढ्यावर आपलं कुठल्याही देशात भागतं, असं तिचं म्हणणं. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, विहारातल्या भंतेजींना, सगळ्यांना विचारून झालं. एकदा वडिलांना फोन करून तिनं नुसतंच विचारलं, "बळ्या, कहाँ दुख्छ?" वडिलांनी फोन ठेवला आणि काळजीनं मला म्हणाले, "अक्कानं नवी कवळी बसवली का रं? शब्द निसटायलेत."

इकडे माझी अडचण वेगळीच. मी तेलगावच्या शाळेत मास्तर. बदली झाली अंबाजोगाईजवळ. तेलगावच्या घरमालकाचा मुलगा बायकापोरांसह गावी परतणार होता, त्यामुळं घर रिकामं करायची तारीख पक्की. ती नेमकी आत्याच्या प्रवासात. मी घाबरत घाबरत सांगितलं.

"तारीख बदल," आत्या म्हणाली.

"बदलता येत नाही गं."

"मग माझ्याशिवाय करा. आख्ख्या नोकरीत मी दिवाळीची रजा घेतली न्हाई. आता घेतलीय. तुमी सगळी शाणी माणसं हाव, चार कपबशा बांधता येत न्हाईत?"

"येतात, येतात," मी म्हणालो.

आत्या परळीला निघाली त्या दिवशी माझी बायको शीतल आणि मी बांधायला बसलो. दुपारपर्यंत तीन ग्लास फुटले. वडील दमून एका खोक्यावर टेकले. खोक्यात आरसा होता. शीतलनं झाडू माझ्या हातात दिला.

टीव्ही तेवढा अजून खाली काढला नव्हता. तो लावला तर नेपाळ पेटलेला. काठमांडूत तरणी पोरं रस्त्यावर, धूर, पळापळ, संचारबंदी, विमानतळ बंद. शीतलच्या हातातली सुतळी हातातच राहिली. "आत्या!" ती म्हणाली.

मी फोन लावला. आत्यानं उचलला. परळी स्टेशनचा गलका ऐकू येत होता, आणि त्या गलक्याच्या वर आत्या ऐकू येत होती. ती माझ्याशी बोलतच नव्हती. ट्रिपवाल्याशी बोलत होती.

"अरे, दंगा हाय राजधानीत. आपल्याला जायचंय लुंबिनीला. बीडात काय झालं म्हणून अंबाजोगाईचा दवाखाना बंद ठेवतो का आपण?"

"सिस्टर, बॉर्डर बंद हाय ओ."

"बंद म्हंजे? गेट असंल, गेटावर वॉचमन असंल. त्याच्याशी मी बोलते."

"तिथं मिलिट्री हाय!"

"असू दे. त्यांना काय आया न्हाईत?"

बाकीच्या बायका तोवर घरच्या गाडीची चौकशी करायला लागल्या होत्या. एकीच्या मुलानं तर फोनवर शपथ घातली. शेवटी आत्या एकटी उरली, आणि एकटीसाठी ट्रिप निघत नाही.

फोन कट झाला. मी शीतलकडे बघितलं, शीतलनं न बांधलेल्या कपबशांकडे बघितलं. दोघांच्याही मनात जे आलं ते आम्ही बोललो नाही. माणसानं इतकंही स्वार्थी नसावं.

सिरसाळ्यामार्गे येणाऱ्या काळीपिवळी जीपमधून आत्या तेलगावात उतरली तेव्हा ऊन कलत होतं. पांढरी साडी, पायांत नवेकोरे स्पोर्ट शूज, गळ्यात पासपोर्टची पिशवी, हातात चाकांची बॅग. दारात उभी राहून तिनं घरभर नजर फिरवली.

"हे कुणी बांधलंय?"

शीतलनं निर्लज्जपणे माझ्याकडे बोट केलं.

"ह्याला डिस्चार्ज द्या," आत्या म्हणाली, आणि मी बांधलेलं सगळं सोडायला बसली.

नेपाळचा शब्द तिनं काढला नाही, आम्हीही काढला नाही. वडील पाण्याचा तांब्या घेऊन आले, "अक्का..." एवढं म्हणाले आणि उभे राहिले. "तू त्या आरशावर बसलतास का?" ती म्हणाली. "लागलं का कुठं? वळ बघू." तपासणी झाली. वडिलांना काही झालेलं नव्हतं. आरसा गेला होता.

टीव्हीला मात्र ती हात लावू देईना. "त्याला शेवटी घ्या." हात बँडेज गुंडाळत होते आणि डोळे पडद्यावर. चार पोरं एका जखमी पोराला उचलून दवाखान्याकडे पळत होती. आत्या एकदम ओरडली, "अरे मान! मान धर त्याची! असं उचलत्यात का बे?" पडद्यावरच्या पोरांनी ऐकलं नाही. आत्या कप हातात घेऊन उभीच राहिली. "कहाँ दुख्छ ते तरी विचारा रे त्याला," असं पुटपुटली. मग तिनं स्वतःच टीव्ही बंद केला, त्याच्या काचेवरून ओला फडका फिरवला आणि त्याला चादरीत गुंडाळून टाकलं.

सकाळी मुनीरचा टेम्पो आला. मुनीर आमच्या घराण्याचा ठरलेला टेम्पोवाला, त्याला सगळे नियम पाठ. "आपा, हार्टवाला पेशंट कुठं घेऊ?" त्यानं फ्रीजला हात घालताच विचारलं. बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर आत्याच्या मांडीवर, आत्या केबिनमध्ये, मी तिच्या शेजारी दाराला चिकटून. वडिलांना गाडी लागते, म्हणून ते शीतल आणि माझ्या मुलीबरोबर एसटीनं.

धारूरच्या घाटात प्रत्येक वळणाला आत्या म्हणायची, "सावकाश." घाट संपल्यावरही म्हणायची. मुनीर शेवटी वैतागला. "आपा, इतकं सावकाश तर मैं मेरे बच्चे को भी दवाखाने से घर नई लाया."

"म्हणून तर पोरगं असं वाकडं वागतंय," आत्या म्हणाली. मुनीर हसला, पण गिअर खालचा टाकला.

अंबाजोगाईच्या नव्या घरात संध्याकाळपर्यंत सगळं जागच्या जागी लागलं. एकही बशी फुटली नाही. आत्याला मी म्हणालो, आता चार दिवस राहा. ती म्हणाली, "चार कशाला? एक बास." तिची स्वतःची खोली गावातच, दवाखान्याच्या मागच्या अंगाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर ती गोधड्यांना ऊन देत होती. मी मदतीला गेलो. कठड्यावर एकेक गोधडी पसरताना मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे.

"आत्या, मनाला लावून घेऊ नकोस. तिकडं शांत झालं की जाशील. तथागतांचा जन्म झाला ती जागा काय कुठं पळून जात नाही."

"बाळाला बघायला सगळी दुनिया जाती," आत्या गोधडी झटकत म्हणाली. "मी बाळंतिणीला बघायला निघालते."

मला कळलं नाही.

"महामाया. बाळंतपणाला माहेरी निघाली होती ती. माहेर गाठलंच न्हाई, वाटंतच कळा आल्या. झाडाची फांदी धरून उभ्यानं बाळंत झाली बिचारी. आन् सातव्या दिवशी गेली. विहारात पुस्तक वाचत्यात तवा हे एका ओळीत वाचून पुढं जात्यात. मी तिथंच थांबते. सातवा दिवस म्हंजे ताप चढला असंल, अंग तापलं असंल, दूध यायलं असंल. मला ते सगळं दिसतं." ती गोधडीची सुरकुती काढत राहिली. "त्या झाडाखाली जाऊन नुसतं बसायचं होतं. दुसरं काय न्हाई."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तुझ्या वॉर्डात कुणी असं..."

"वॉर्डातलं न्हाई. आमची आई. तुझी आजी."

आजी तापानं गेली, वडील तेव्हा रांगत होते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं.

"रांगत न्हवता तो. आमी कारखान्यावर निघालतो, ऊसतोडीला. बैलगाडीनं. आई दिवसांत होती, पण न जाऊन सांगती कुणाला? वाटंतच तिला कळा यायला लागल्या. गाडी सोडली. बायांनी लुगडं आडवं धरलं. मला म्हणल्या, पाणी आण. मी ओढ्याचं पाणी घेऊन यायच्या आत बळ्या रडायला लागलता." आत्या थोडी हसली. "आईनं माझ्या मांडीवर दिला त्याला. म्हणली, पद्मिन, ह्याला सावलीत धर. मी गाडीखाली जाऊन बसले. लई वेळ बसले. पुढं कारखान्यावर आमच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या खोपटात, जीव सोडला तिनं. आमचं पाचट टाकून झालं न्हवतं अजून कोपीवर."

खाली रस्त्यावरून कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

"वडिलांना माहीत नाही हे?"

"न्हाई. त्याला मी सांगितलं, तू रांगत होतास, आईला ताप आला. लेकराला कसं सांगायचं, तुझ्या पायी गेली म्हणून? तू पण सांगू नको." आणि मग नर्सच्या आवाजात, "कळलं का?"

"कळलं," मी म्हणालो.

जिन्यात पावलं वाजली. वडील चहा घेऊन वर आले. धापा टाकत, ताटली दोन्ही हातांनी धरून. चहा आमच्यापुढं ठेवला आणि तिथंच उभे राहिले. काहीतरी ठरवून आल्यासारखे. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

"अक्का, पुढच्या टायमाला तू लुंबिनीला निघालीस ना, मी पण येतो तुझ्यासंगं."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "तुला गाडी लागती, बळ्या."

"लागू दे."

आत्यानं गोधडी सोडली, वडिलांचा दंड धरला आणि त्यांना पाण्याच्या टाकीच्या बाजूला ओढलं.

"येशील तवा येशील," ती म्हणाली. "आधी इकडं सावलीत हो. उघड्या टकुऱ्यावर ऊन घेत उभा राहिलाय नुसता."

वडील मुकाट्यानं सावलीत जाऊन उभे राहिले.