गुंडोपंतांचा स्ट्रायकर

एका जंगलात, मुलांनो, एक कॅरम क्लब होता.

हसू नका. जंगलात राजा असतो, प्रधान असतो, दरबार भरतो, हे तुम्ही मुकाट्याने ऐकून घेता. मग कॅरम क्लबनंच काय घोडं मारलंय?

क्लब जांभळीच्या राईत होता. ऊन उतरलं की जनावरं जमायची, पावडर उडायची, सोंगट्या खणखणायच्या. वाघ मात्र तिकडे फिरकत नसे. एकदा त्याला फाऊल दिला गेला होता, ते त्याच्या मनाला लागलं. फाऊल देणारा पंच पुढे कुणाला दिसला नाही.

या क्लबात गुंडोपंत अस्वल रोज यायचे. वयानं पिकलेले, अंगानं भरलेले, स्वभावानं मधाळ. त्यांच्या गळ्यात एक छोटी कापडी पिशवी असायची. वेणूताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती हातानं शिवली होती. पिशवीत त्यांचा स्ट्रायकर.

स्ट्रायकर जुना होता. मूळचा पांढरा असावा, पण आता गुंडोपंतांच्या दातांच्या रंगाचा झाला होता. एका कडेचा टवका उडाला होता. बोर्डावर ठेवला की जरा डुगडुगायचा आणि मारला की डावीकडे ओढायचा.

गुंडोपंतांचा त्याच्यावर भारी जीव. खेळायला बसले की आधी त्याला पोटाच्या केसांवर पुसायचे, एकदा हुंगायचे आणि समोरच्याला सांगायचे, “मुलगी बघायला गेलो ना, तेव्हासुद्धा हा मुठीत होता. पोहे डाव्या हातानं खाल्ले. सासरे म्हणाले, मुलगा डावखुरा दिसतो.”

समोरचा हसायचा. त्यानं हे पुष्कळदा ऐकलेलं असायचं.

मग खेळ व्हायचा आणि गुंडोपंत हरायचे.

हरले की ते सोंगट्यांकडे बघत नसत. स्ट्रायकर उचलून टवक्यावरून बोट फिरवायचे. “म्हातारा झालाय बिचारा,” म्हणायचे. “पण टाकवत नाही हो.”

सगळ्यांना गहिवरून यायचं.

“याला म्हणतात निष्ठा,” हरीण म्हणायचं.

“या असल्या स्ट्रायकरनं इतकं खेळतात,” माकड म्हणायचं, “चांगला मिळाला तर काय करतील!”

हे वाक्य जंगलात रुजलं, मुलांनो. वाक्यं गाजरगवतासारखी असतात. एकदा रुजली की उपटत नाहीत. होता होता गुंडोपंत जंगलातले सर्वांत थोर कॅरमपटू झाले. त्यांनी आजवर एकही डाव जिंकला नव्हता, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. आली असेल त्यानं ती बोलून दाखवली नाही.

क्लबाचे सेक्रेटरी होते कोल्हटकर. जातीचे कोल्हे. त्यांना सारखं काहीतरी मोठं करून दाखवायचं असे. त्यांनी ओढ्यापलीकडच्या जंगलाला आव्हान धाडलं. “एक सामना होऊन जाऊ दे. आम्ही हरलो तर यंदाची सगळी जांभळं तुमची.”

क्लबात एकच टाळ्या पडल्या. हरायचा प्रश्नच नव्हता. गुंडोपंत होते ना!

“फक्त,” कोल्हटकर म्हणाले, “तेवढा स्ट्रायकर बदलू या.”

लगेच वर्गणी निघाली. कोल्हटकर शहराच्या कडेला जाऊन नवाकोरा स्ट्रायकर घेऊन आले. काचेसारखा आरपार, मधोमध सोनेरी चांदणी. जुन्या स्ट्रायकरचा निवृत्ती समारंभ ठरला. हार आले, भाषणं झाली. त्याला शाल पांघरण्यात आली. शाल एवढी मोठी, की नंतर तो सापडेना. सगळे गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होते. शेवटी तो नारळाखाली सापडला, आणि जांभळीच्या ढोलीत सन्मानानं ठेवला गेला.

गुंडोपंतांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले. रिकाम्या पिशवीत त्यांनी दोनदा बोट घालून पाहिलं.

“त्याला दमट हवा सोसत नाही,” एवढंच बोलून ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुंडोपंतांनी घरी बोर्ड मांडला. शेजारी वेणूताई मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. गुंडोपंतांनी नवा स्ट्रायकर ठेवला. तो डुगडुगला नाही. त्यांनी नेम धरला आणि मारला. पुन्हा मारला. बराच वेळ मारत राहिले.

“सरळ जातोय,” ते म्हणाले. आवाज खोल गेला होता.

“मग चांगलंच की.”

“वेणू, जिथे मारतो तिथेच जातोय.”

“मग?”

“मग सोंगटीला का लागत नाही?”

वेणूताईंनी हातातलं फूल खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर ठाऊक होतं. लग्न झालं त्या वर्षापासून ठाऊक होतं.

“हाताला सवय नाही अजून,” त्या म्हणाल्या. “लागेल हं.”

संसार काही उगाच टिकत नाहीत, मुलांनो.

गुंडोपंत तसेच उठून कोल्हटकरांकडे गेले. “मी काही खेळत नाही,” म्हणाले. “दुसरं कुणी बघा.”

“छे छे, असं कसं? जांभळं लावलीयत आपण!”

“अहो, पण मला खरंच जमत नाही.”

कोल्हटकरांचे डोळे पाणावले. “मोठी माणसं अशीच बोलतात,” ते म्हणाले. तिथे माणूस एकही नव्हता, पण बोलायची पद्धत असते.

सामन्याच्या दिवशी राई गच्च भरली. पलीकडच्या जंगलातून मुंगसेबाई आल्या. लहानखुऱ्या, नाकासमोर बघून चालणाऱ्या मुंगूसबाई. हातात काहीच नव्हतं.

“तुमचा स्ट्रायकर?” कोल्हटकरांनी विचारलं.

“अगंबाई, आणायचा होता का? मला वाटलं बोर्डाबरोबर असतो. द्या तुमच्यातला कुठलाही.”

कोल्हटकरांच्या मिशा थरथरल्या. ते ढोलीपाशी गेले आणि गुंडोपंतांचा जुना स्ट्रायकर काढून त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. येताना माकडाच्या कानात म्हणाले, “बघ आता. सगळा डाव डावीकडे जाणार.”

गुंडोपंतांनी ते पाहिलं. मुंगसेबाई त्याला पुसत नव्हत्या, हुंगत नव्हत्या. नुसता बोटांत धरून बसल्या होत्या, सुपारी धरावी तसा.

ब्रेक गुंडोपंतांचा. चांदणीचा स्ट्रायकर सरळ गेला, सोंगट्यांच्या चक्रीला बाजूनं चाटून पुढच्या भोकात पडला. फाऊल. लोक म्हणाले, “हात गरम होतोय.”

मुंगसेबाईंनी पहिला फटका मारला. स्ट्रायकर डावीकडे ओढला आणि सोंगटी चुकली. कोल्हटकर गालात हसले. बाईंनी स्ट्रायकर डोळ्यांजवळ नेला, टवका पाहिला. पुढच्या खेपेला नेम जरासा उजवीकडे धरला.

टक्. सोंगटी भोकात.

टक्. आणखी एक.

मग बाई थांबल्याच नाहीत. तो म्हातारा, पिवळा, डुगडुगणारा स्ट्रायकर बोर्डावर असा पळायला लागला, की जणू इतकी वर्षं कुणी त्याला पळू दिलंच नव्हतं. कडेवर आपटून परत येत होता. दोन सोंगट्यांच्या फटीतून अंग चोरून जात होता. शेवटी राणी दूरच्या कोपऱ्यात, काळ्या सोंगटीच्या आड होती. बाईंनी मारला. स्ट्रायकर गेला, वळला, राणीला हलकेच ढकलून जागीच थांबला. राणी भोकात. पाठोपाठ कव्हर.



आणि सगळ्या राईतून एकच आवाज आला. “वा रे माझ्या पठ्ठ्या!”

गुंडोपंत उभे राहून टाळ्या वाजवत होते. आपण हरतोय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. ऊर भरून आला होता. डोळे वाहत होते. कन्या पहिली आल्यावर बाप उभा राहावा तसे ते उभे होते.

सामना लवकरच आटोपला. मुंगसेबाईंनी स्ट्रायकर परत केला. “छान आहे हो तुमचा,” म्हणाल्या. “जरा डावीकडे ओढतो. मग आपण जरा उजवीकडे बघायचं, झालं.” आणि जांभळं कधी पिकतात ते विचारून निघून गेल्या.

आता सगळ्यांच्या नजरा गुंडोपंतांवर. त्यांनी स्ट्रायकर पोटाच्या केसांवर पुसला. मग मान वर केली.

“मंडळी,” ते म्हणाले, “या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. तुम्हीच पाहिलंत. मला कॅरम खेळता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी उगाच याच्यावर ढकलत होतो.”

हे बोलायला फार मोठी छाती लागते, मुलांनो. अस्वलाचीसुद्धा पुरत नाही.

जंगल क्षणभर विचारात पडलं. हे जर खरं असेल, तर आपण जांभळं कुणाच्या भरवशावर लावली? मग आपण कोण ठरलो?

“काय हा विनय!” हरीण पटकन म्हणालं.

“विनय कसला, दुःख बोलतंय ते!” गर्दीतून घोरपडेमामा पुढे सरसावले. हे गुंडोपंतांचे जुने दोस्त. जातीचे घोरपड. रोज संध्याकाळी त्यांच्याच समोर बसायचे. “अरे, त्याचा स्ट्रायकर काढून घेतलात आणि वैऱ्याच्या हातात दिलात! नुसता स्ट्रायकर होता तो? सगळी विद्या त्यात उतरली होती याची! वर्षानुवर्षं मुरलेली! ती त्या बाईंनी ऐती वापरली!”

“अरे हो की!” माकड ओरडलं.

“तरीच राणी अशी गेली!”

सगळ्यांच्या जिवात जीव आला. कोल्हटकरांवर थोडी माती फेकली गेली. मग त्यांनीच माफीचं भाषण केलं आणि शाल पुन्हा बाहेर काढली.

गर्दी पांगल्यावर गुंडोपंतांनी मामांना बाजूला घेतलं. “मामा, तुला तर खरं दिसत असेल. रोज हरवतोस मला.”

“दिसतं की.”

“मग?”

“मग काय? तू थोर खेळाडू आहेस, म्हणून मी थोर खेळाडूला रोज हरवणारा आहे. घरी बायको मला मानते. तू माझ्या संसारात कशाला माती कालवतोस? गप्प राहा.”

गुंडोपंतांनी स्ट्रायकर पिशवीत घातला आणि घरची वाट धरली.

मग जांभळं पिकली. ओढ्यापलीकडची जनावरं यायची, पोटभर खायची, जांभळ्या जिभा दाखवत परत जायची. इकडची जनावरं झाडाखाली बसून कॅरम खेळायची. अधूनमधून एखादं जांभूळ बोर्डावर पडायचं. तेही परत द्यावं लागायचं. गुंडोपंत ते देताना बोट चाटून घेत, तेवढंच.

जुना स्ट्रायकर पिशवीत परत आला होता. गुंडोपंतांनी बाईंनी सांगितलेली युक्ती घरी करून पाहिली. जरा उजवीकडे नेम धरला. स्ट्रायकर बरोबर मधून गेला आणि सोंगटी तिथे नव्हती. वेणूताईंनी तोंडाला पदर लावला. मग गुंडोपंतही हसले. दोघं बराच वेळ हसत होते. त्या दुपारी वेणूताई पहिल्यांदाच बोर्डापाशी बसल्या आणि त्याच स्ट्रायकरनं त्यांनी नवऱ्याला सपशेल हरवलं. गुंडोपंतांना एवढी मजा क्लबात कधी आली नव्हती.

क्लबात मात्र ते जात राहिले. हरतही राहिले. फरक एवढाच, की हरल्यावर आता ते काही बोलत नसत. टवक्यावरून बोटही फिरवत नसत. मुकाट्यानं स्ट्रायकर पिशवीत ठेवायचे.

ते काम आता इतरांनी उचललं होतं.

“परक्या हातात गेल्यापासून त्याचं मन लागत नाही हो,” हरीण हळूच सांगायचं.

“नाहीतर गुंडोपंत म्हणजे!” माकड म्हणायचं, आणि पुढे काही न बोलता फक्त आभाळाकडे बघायचं.

तात्पर्य : ज्याला नाचता येत नाही, त्यानं आपलं अंगण वाकडंच ठेवावं आणि त्यावर मनापासून प्रेम करावं. आणि कधी सत्य सांगायची हुक्की आलीच, तर खुशाल सांगावं. ज्यांनी जांभळं लावलेली असतात, ते ऐकत नाहीत.