कुठलं पाहिजे?

कुमुदताईंच्या दारात जाऊन ‘पाहिजे’ हा शब्द उच्चारू नये. मी उच्चारला. घरात पाहुणे बसलेले, गॅसवर चहा उकळतोय आणि डब्यात साखरेचा कण नाही. समोरचंच दार, म्हणून बेल वाजवली आणि म्हटलं, “कुमुदताई, वाटीभर साखर पाहिजे होती.”

“कुठलं पाहिजे?”

“अहो, साधीच. चहाची!”

“साखर नव्हे गं मंजिरी, पाहिजे कुठलं? इच्छेचं की कर्तव्याचं?” एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, अशा त्या उंबऱ्यात उभ्या. “हे बघ. ‘साखर पाहिजे’ ही इच्छा. ‘खरं बोलायला पाहिजे’ हे कर्तव्य. नुसतं पाहिजे असलं की मन मागतंय, आणि मागे ‘करायला’, ‘बोलायला’ असं काही लागलं की नीती मागतेय. आणि मराठीत दोन्हीला शब्द एकच! गंमत आहे की नाही?”

मला कसली डोंबलाची गंमत! चहा उतू गेला होता.

कुमुदताई बँकेत होत्या. बँकेत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग स्वेच्छानिवृत्ती आली. बरोबरीच्या बायकांनी वारज्याला फ्लॅट बुक केले, ह्यांनी नीतिशास्त्र बुक केलं. विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं, विषय तत्त्वज्ञान. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरात त्या आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अख्ख्या सोसायटीच्या आजी. आजी खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर, पण जीभ ठणठणीत.

वर्गातली बाकीची मुलं स्पर्धा परीक्षा देणारी. हॉस्टेलला खोली मिळावी म्हणून तत्त्वज्ञानाला आलेली, त्यामुळे नीतीचा पाया पक्का की कच्चा याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पहिल्या बाकावर एकट्या ह्या. सरांनी फळ्याकडे पाठ केली रे केली की ह्यांचा हात वर. “सर, पाया बघायचा तर खणायला लागणार. आणि खणल्यावर वरची इमारत पडली तर?” सर म्हणाले, “काकू, हा प्रश्न पेपरला येत नाही.” त्या दिवशी ताई रात्री जेवल्या नाहीत. नुसत्या गॅलरीत फेऱ्या.

स्वस्थ बसणं त्यांना ठाऊकच नाही. जिना उतरतील, अर्ध्यातून परत येतील, माझं दार वाजवतील, “एक सुचलं” म्हणतील आणि ते न सांगताच पुन्हा उतरतील. एकदा पौड फाट्याच्या सिग्नलला मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसले होते. लाल दिवा, पोलीस नाही. सगळी जनता सुसाट आणि ह्या ठाम उभ्या. मागून एक गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेला मुलगा ओरडला, “काकू, हला ना प्लीज! हिंजवडीची बस जाईल माझी!”

ह्या मान वळवून विचारतात, “पोलीस असताना तू थांबतोस. ती नीती, की भीती?”

“ओ काकू, नीती घरी! इथे क्लच जळतोय!”

आणि खोटं म्हणाल तर ह्या जन्मात नाही. आमच्याकडे एक विमा एजंट सारखा खेटे घालायचा. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, कुमुदताईंना सांगून ठेवलं, “आला तर मी घरी नाही म्हणून सांगा.” एजंट आला. ताईंनी त्याला सांगितलं, “ते घरात आहेत. नाहीत असं सांगायला मला सांगितलंय.” ती पॉलिसी आम्ही अजून भरतोय.

हे सगळं ज्ञान पहिल्यांदा उतरायचं ते आजींच्या डोक्यात. विद्यापीठातून आल्या की ताई आजींच्या पायांना तेल लावता लावता अख्खं लेक्चर म्हणून दाखवायच्या. “आई, आवडतं म्हणून केलं तर त्याला नीतीच्या लेखी काही किंमत नाही हो. नको असताना, कर्तव्य म्हणून केलं, तरच किंमत!” आजी म्हणायच्या, “मग तुझ्या सासऱ्यांनी माझ्याशी संसार केला, त्याला बरीच किंमत असेल.” दोघी हसायच्या. मला इकडे ऐकू यायचं.

आणि इथेच घात झाला. एका संध्याकाळी वर्गातल्या कुणा मुलाचा फोन आला, रविवारी अभ्यासाला जमूया म्हणून. ताई सहज बोलून गेल्या, “नाही रे बाबा, मला नाही जमणार. आईंचं करायला पाहिजे ना.”

तुम्ही-आम्ही काय, ऐकून सोडून दिलं असतं. पण आजींना शिकवून तयार केलेलं! ताई औषधं आणायला गेल्या तशी आजींनी मला हाक मारली.

“ऐकलंस? ‘करायला’ पाहिजे. म्हणजे कर्तव्याचं. मी तिला नकोय गं मंजिरी. बिचारी नीती म्हणून रेटतेय.” आजींचे डोळे भरले होते. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले. “श्रीकांतला फोन लावून दे.”

श्रीकांत म्हणजे आजींचा धाकटा मुलगा, बाणेरला असतो. खडकवासल्याच्या रस्त्याला एक चांगला वृद्धाश्रम आहे, नर्स चोवीस तास, असं तो कधीपासून म्हणत होता. आजींनीच हो म्हटल्यावर त्याने शनिवार पक्का करून टाकला.

कुमुदताई माझ्याकडे आल्या. स्वयंपाकघर ते हॉल, हॉल ते स्वयंपाकघर. “काय सांगू मी त्यांना? रात्री उठून कपडे बदलताना मला ते आवडतं का? नाही आवडत. कंटाळा येतो, कंबर मोडते, कधी रागही येतो. मग ते कर्तव्यच झालं की! आणि कर्तव्य म्हटलं की त्या निघाल्या.”

“अहो, मग आवडतं म्हणून सांगा! एवढं एक खोटं बोललात तर आकाश कोसळणार नाही!”

“खोट्यावर ठेवून घेऊ त्यांना?”

माझं टाळकंच सटकलं. “तुमची नीती घाला चुलीत! तिकडे ती म्हातारी रडतेय!”

त्या तशाच घरी निघून गेल्या. पार शुक्रवारपर्यंत दोघींच्या घरातून आवाज म्हणून आला नाही. मला तो शांतपणा सहन होईना, कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोठ्या वाटायला लागल्या.

शनिवारी श्रीकांत गाडी घेऊन आला. आजींना चाकाच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर शाल टाकली. ताईंची तगमग बघवत नव्हती. गोळ्या पिशवीत घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. स्वेटर घेतला, कवळीची डबी घेतली. आजी भिंतीकडे बघत होत्या.

श्रीकांत चांगल्या मनानेच म्हणाला, “वहिनी, खूप केलंत. आता तुम्ही मोकळ्या. अभ्यास करा निवांत.”

ताईंनी पिशवी खाली ठेवली. “मोकळी होऊन मी कुठे जाऊ, भाऊजी?”

त्या आजींच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

“आई, इकडे बघा. तुमचं करायचा मला कंटाळा येतो, ते खोटं नाही सांगणार. पण मी गेटातून आत शिरताना आधी तुमच्या खिडकीतला दिवा बघते. तो दिसला नाही तर मी जिना चढेन कशाला? मला तुम्ही हव्या आहात हो. तुमच्या भल्यासाठी नाही, माझ्यासाठी. अगदी शुद्ध स्वार्थ आहे माझा.”

आजींनी मान वळवली.

“म्हणजे ह्याला तुमच्या शास्त्रात किंमत किती?”

“शून्य,” ताई म्हणाल्या, आणि हुंदका फुटून मटकन खाली बसल्या.

आजींनी शाल बाजूला केली आणि ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. “मग मी राहते. कर्तव्य म्हणून बघायला तिकडच्या नर्सबाई आहेतच की.”