ढवळेकाकांच्या कॉम्प्युटरमधलं मांजर

आमच्या शेजारचे ढवळेकाका कॉम्प्युटरला अहो म्हणायचे. तसे ते माणसांनाही अहोच म्हणायचे, पण माणसांच्या अहोमध्ये एक चिमटा असायचा, कॉम्प्युटरच्या अहोमध्ये नसायचा. "अहो, उठता का? ऊन आलं," असं म्हणून ते बटण दाबायचे, आणि आतला पंखा घरघरला की म्हणायचे, "हं, सावकाश, काही घाई नाही." मी भिंतीपलीकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं आत कोणी आजारी माणूस आहे. पेज करून द्यावी असं फार मनात होतं, पण दार वाजवायची भीती वाटली.

मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. नववीतून शाळा सुटली, लग्न झालं, वाशिमहून उचलून थेट वाघोलीत आणून ठेवलं. आमचे हे कंपनीची बस चालवायचे, आयटीवाल्या पोरापोरींना आणायला पहाटेच निघून जायचे. राहिलो मी आणि माझी लेक मनू. लिफ्टची भीती, गॅसची भीती, वॉचमनची भीती. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे मनू जेवायची नाही. तोंड असं गच्च मिटायची की विचारू नका! डॉक्टरीणबाईंनी वजन पाहून नुसतं "हूं" केलं, आणि त्या एका हूंनं माझी झोप उडाली.

एक दिवस मनू रांगत रांगत काकांच्या उघड्या दारातून आत गेली. मी वरणभाताची ताटली घेऊन मागे धावले, तर ही बाई कॉम्प्युटरसमोर बसलेली आणि तोंड उघडं! पडद्यावर एक बोटाएवढं पांढरं मांजर पळत होतं. काका माऊस हलवतील तिकडे बाण जायचा, आणि बाणामागे मांजर. बाण थांबला की मांजर थांबायचं, कान खाजवायचं, जांभई द्यायचं, गोल होऊन झोपायचं. मी तेवढ्यात घास आत सारला. तिनं गिळला! मी दुसरा सारला.

"काका, याला हात लावला तर शॉक बसतो का हो?" मी घाबरत विचारलं, कारण मनूचा हात पडद्यावर होता.

"बसतो ना. मला आत्ताच बसला. न विचारता दोघीजणी घरात."

मी रडवेली झाले. तर ते माऊस हलवत म्हणाले, "रेणुकाबाई, रडून घास थंड होतो. भरवा."

तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ आमची पंगत काकांच्या टेबलापाशी. ते तोंडानं बडबडणार, "हे काय हॉटेल आहे? भात सांडला. किबोर्डात शीत गेलं, आता हा बिचारा काय जेवणार आहे का?" आणि हातानं बाण फिरवत राहणार.

काका टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. एकटेच. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कोणामुळे अडलंय ते बोला." काहीही सांगा, नळाला पाणी नाही, पोट दुखतं, नवरा बोलत नाही, काका हेच म्हणणार. आणि नुसतं म्हणणार नाहीत, शोधत जाणार. एकदा बिल्डिंगला पाणी नव्हतं. सगळे बिल्डरला शिव्या देत होते. काका खाली उतरले. पंप का बंद? किल्ली वॉचमनकडे. वॉचमन कुठे? चहाला. अजून का आला नाही? चहावाल्याकडे दूध नाही. दूध का नाही? दुधाचा टेम्पो नगर रोडला खड्ड्यात रुतलाय. काकांनी आमच्या यांना आणि आणखी चौघांना नेलं आणि टेम्पो ढकलला. दूध आलं, चहा झाला, वॉचमन आला, पाणी आलं! वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "पाण्यासाठी टेम्पो कोण ढकलतं?" काका म्हणाले, "ज्याला अंघोळ करायची असते तो."

तर असे काका एक दिवस म्हणाले की आता डेस्कटॉप नवीन घालायचा. डेस्कटॉप म्हणजे मशीन नव्हे, मशीनच्या आतलं सगळं रूप, खालची पट्टी, चित्रं, खिडक्या. त्यांचा कॉम्प्युटर लिनक्सवाला होता, ते फुकट मिळतं आणि डोकं खातं असं आमचे हे म्हणायचे. मी विचारलं, "आहे ते चांगलं आहे की. कशाला?"

"जुनं झालंय," काका म्हणाले आणि किबोर्ड पुढे ओढला.

मग सुरू झालं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर जायची आणि मध्येच अडायची. काका डोक्याला हात लावून बसायचे. मी भीत भीत विचारलं, कोणामुळे अडलंय? तर एवढे खूश झाले! म्हणाले, "हे बघा, यात सगळी पॅकेजं असतात. पुडकी समजा. एकाला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. याला डिपेंडन्सी म्हणतात. आता नवीन डेस्कटॉप म्हणतो, मला एक नवं पुडकं पाहिजे, त्याशिवाय मी येत नाही. ते नवं पुडकं म्हणतं, घरात जुनं असेल तर मी पाय ठेवणार नाही."

"म्हणजे आमच्या लग्नासारखं," मी म्हणलं. "आमचे मोठे मावसे म्हणाले, आत्याचे यजमान मांडवात असतील तर मी येणार नाही. आणि मावसे नाहीत तर मामा येईनात, आणि मामाशिवाय लग्न लागेना."

"बरोब्बर! मग काय केलं?"

"बाबांनी दोन पंगती बसवल्या. एक घरात, एक मागच्या अंगणात."

काकांनी तसंही करून पाहिलं. जुनं पुडकं वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं आणि नव्याला पुढच्या दारानं बोलावलं. पडदा काळा झाला तो काळाच. काका म्हणाले, "तुमचे मावसे मागच्या अंगणात डोकावले वाटतं."

मी हसले, पण लगेच माझं हसू थांबलं. कारण ते जुनं पुडकं कोणाला लागत होतं सांगू? मांजराला. नवीन डेस्कटॉप यायचा तर मांजर जाणार. मशीन तसं लिहूनच विचारत होतं, ही ही पुडकी काढून टाकतो, चालेल का? आणि नेमक्या त्याच आठवड्यात वाशिमहून आमच्या सासूबाईंचा फोन आला होता. "शनवारी येतो मी. पोट्टी जेवत नसंन तं घेऊन जातो गावाले. तिथं दूध हाय, तूप हाय. तुले नाई जमत तं सोड." माझ्यापासून मनूला नेणार! हे तर आईपुढे बोलणारच नाहीत काही. मी काकांसमोर भडाभडा सगळं ओकले आणि पदरात तोंड घालून बसले.

काकांनी खुर्ची पडद्याकडे वळवली.  मग म्हणाले, "अहो, मागे फिरू या," ते मशीनला. सासूबाई यायच्या आत जुना डेस्कटॉप परत जागेवर होता आणि मांजर कान खाजवत होतं.

सासूबाईंनी आल्या आल्या मनूला उचलून तोललं. "काऊन व रेणुका, सुकलं ना लेकरू!" मी म्हणलं, आई, चला दाखवते. काकांच्या घरी मनूनं गपागप खाल्लं. सासूबाई कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघून आल्या, मांजर तिकडून दिसतं का म्हणून. "मशीनीतलं मांजर पाहून जेवते? काय जमाना आला!" पण मग म्हणाल्या, "जेवते तं जेवते. पाहू अजून दोन दिस."

दुसऱ्या दिवशी रविवारी मी रिकामी ताटली आणायला काकांच्या दारात गेले तर ते फोनवर होते. आवाज नेहमीचा नव्हता, म्हणून मी तिथंच थांबले.

"नाही गं नलिनी, नाही जमलं. वसंताला सांग, मशीन म्हातारं झालंय. तुझ्या मुलाला म्हणावं कॅमेरा काढून ठेव... वसंता नवा शर्ट घालून बसलाय? कधीपासून?... बरं. त्याला सांग, दादानं तुझी चूक नाही म्हणून सांगितलंय. पुन्हा कधीतरी."

मी विचारलं, "वसंता कोण?"

"दुसऱ्यांचे फोन ऐकू नयेत." मग फोन नीट ठेवून म्हणाले, "धाकटा भाऊ. नाशिकला असतो. लहानपणी तापात कान गेले त्याचे. बोलतही नाही. मी फोन करतो तो त्याच्या सूनबाईला, नलिनीला, ती त्याला खुणांनी सांगते, तो तिला सांगतो, ती मला. मधल्यामधे अर्धं सांडतं. त्याचे गुडघे गेलेत आणि मला एसटी सोसत नाही. नवीन डेस्कटॉपावर एकमेकांना बघून बोलायचं निघालंय. कॅमेऱ्यातून. म्हणलं बघावं." आणि मग एकदम, "ताटली न्या. मुंग्या येतील."

मी ताटली घेऊन घरी आले. सासूबाई मनूला मांडीवर झोपवत होत्या. मी स्वयंपाकघरात गेले, पाणी प्याले, परत आले, परत गेले.  काकांना सगळ्यांचं अडलेलं सापडायचं, आणि त्यांचं अडलं होतं ते माझ्यामुळे! ते मात्र कोणी बोललं नव्हतं. मी चपलाही न घालता परत गेले आणि दारातूनच म्हणलं, "काका, मांजर काढा."

"आणि तुमच्या सासूबाई?"

"त्यांचं मी बघते." हे कोण बोललं ते मलाच कळेना.

"रेणुकाबाई, पोरीच्या वजनाचा प्रश्न आहे."

"काढा म्हणते ना! माणूस नवा शर्ट घालून बसलाय!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मशीनकडे वळले. "ऐकलंत ना अहो? बाईंचा हुकूम आहे." मशीननं परत विचारलं, काढू का? काकांनी हो म्हणून बटण दाबलं. अक्षरं वर वर गेली आणि ह्या वेळी कुठेच अडली नाहीत. मग काकांनी नाशिकला परत फोन लावला.

संध्याकाळी मी मनूला घेऊन टेबलापाशी बसले, मागे सासूबाई. पडदा निळा, गुळगुळीत, रिकामा, वर काकांनी बसवलेला कॅमेरा. मनूनं इकडे शोधलं, तिकडे शोधलं आणि तोंड मिटलं. गच्च. मग ओठ वाकडा झाला, आणि तिनं भोकाड पसरलं. सासूबाई म्हणाल्या, "झालं!" माझ्या डोळ्यांपुढे वाशिमची एसटी उभी राहिली.

तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली आणि तीत काका दिसले. म्हणजे काकांसारखेच, पण टक्कल पडलेले, नव्या कडक शर्टातले. आणि आमचे काका, ज्यांचं तोंड कधी बंद नसायचं, ते गप्प झाले. एक शब्द नाही. नुसते हात. हात किती भरभर चालत होते सांगू, जसे काही वर्षांचं साचलेलं बाहेर येतंय. तिकडचेही हात तसेच.

"भांडून राहिले का हे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई, बोलताहेत."

मग तिकडच्यांना मनू दिसली. रडणारी. त्यांनी माझ्या हातातली ताटली पाहिली, उठले, लंगडत गेले आणि स्वतःचं ताट घेऊन आले. भाकरीचा मोठा तुकडा मोडला, मनूला दाखवला, डोळे मोठे केले, गाल फुगवले, आणि असा काही चावला की सासूबाईच फसकन हसल्या. मनू रडायची थांबली. त्यांनी दुसरा घास उचलला आणि तो वर धरून थांबले. खाईनात. तिची वाट बघत. मनूनं तोंड उघडलं.

"दे व लवकर!" सासूबाई ओरडल्या. मी दिला. तिकडे त्यांनीही खाल्ला.

असे घासाला घास चालले. सासूबाई तर तिकडच्या ताटात डोकावून "भाजी कायची हाय?" विचारायला लागल्या. मध्येच तिकडच्यांनी मनूकडे बोट दाखवून हातानं काहीतरी विचारलं. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ही कोणाची, म्हणतोय."

मग त्यांनी त्याला उत्तर दिलं. मला ती भाषा येत नाही. मला एवढंच दिसलं की काकांनी मनूकडे हात केला आणि मग तोच हात हळूच स्वतःच्या छातीवर ठेवला.