वेगवाढीचा प्रत्यक्ष पडताळा

माणसाच्या हातून काम होत नाही, याला माणूस कधीच जबाबदार नसतो. जबाबदार त्याचा लॅपटॉप असतो. हे सत्य त्या सल्लागाराला फार लवकर उमगले होते. मोठमोठ्या संस्थांची कामे झटपट कशी व्हावीत, हे सांगणे हा त्याचा धंदा. सध्या एका इस्पितळाने त्याच्याकडून अहवाल मागवला होता : केसपेपरची रांग पुढे का सरकत नाही? अहवालही पुढे सरकत नव्हता.

"या खटाऱ्यावर काम करायचं म्हणजे चेष्टा आहे का?" असे बायकोला विचारून तो नवा लॅपटॉप घेऊन आला.

आता, नवा लॅपटॉप आणून लगेच कामाला लागणे हे अडाणीपणाचे लक्षण. आधी कार्यक्षमता प्रत्यक्षात किती वाढली, हे तपासायला नको? त्याने जुना आणि नवा जेवणाच्या टेबलावर शेजारी मांडले (घरची मंडळी ताटे मांडीवर घेऊन जेवू लागली) आणि अहवालाची फाइल दोन्हींवर एकदम उघडली. नव्यावर ती पापणी लवायच्या आत उघडली. फाइल कोरी होती. पण काय झपाट्याने कोरी दिसली! त्याचा ऊर भरून आला. एका चाचणीवर विसंबणे शास्त्राला धरून नसते, म्हणून त्याने ती बंद करून पुन्हा उघडली. मग तोच उद्योग दिवसचे दिवस चालला. निष्कर्ष असे : फाइल उघडणे, तिप्पट वेगाने. बंद करणे, चौपट. मजकूर, निरंक. (हा शेवटचा निकष पुढे वगळण्यात आला, कारण दोन्ही यंत्रांवर तो सारखाच आला.)

एवढ्यात सासऱ्यांचा फोन आला.

"जावईबापू, मी रांगेतूनच बोलतोय. गुडघे अगदी टेकीला आलेत. तुमच्या त्या अहवालाचं काय झालं?"

"झालाच समजा, बाबा. आता यंत्र आडवं येत नाही."

"मग काय आडवं येतंय?"

हा प्रश्न त्याला अशास्त्रीय वाटला. बायको मात्र भडकली. "माझे वडील तिथे ताटकळतायत आणि तू फाइलची उघडझाप करत बसलायस? जरा लिही की त्यात काहीतरी!"

हे त्याला लागले, पण त्यातूनच डोक्यात प्रकाश पडला. त्याने एका दमात अहवाल लिहिला : 'संगणक जुने आहेत, बदलावेत.'

इस्पितळाने अभूतपूर्व तत्परता दाखवली. नवे संगणक बसेपर्यंत केसपेपरची खिडकी बंद ठेवली, आणि मग उघडली. खिडकी एकच, कारकूनही एकच. पण आपल्यापुढे किती माणसे आहेत, हे आता क्षणात कळते. पूर्वी तेवढे कळायलाही थांबावे लागे.

खिडकी बंद होती तेव्हा सासरे तपासणीविनाच परतले आणि त्यांनी अंथरूण धरले. पुन्हा काही ते रांगेत उभे राहिले नाहीत. पडताळणी अहवालात याची नोंद 'रांगेत घट' अशी झाली, आणि सल्लागाराला पुढचे काम मिळाले.

यावर नाक मुरडावेसे वाटणाऱ्यांनी अवश्य मुरडावे. फक्त आज आपण कोणते काम करायला बसला होतात आणि ते तसेच ठेवून हे वाचायला घेतलेत, तेवढे आठवून पाहावे. कारण सापडत नसेल, तर सल्लागार शोधून देईल.