खाकी कव्हरातला गेंडा

दुकान कसं लावावं, हे मला विचारा! बाकी कशात मी हुशार नाही, हे आमच्या आईपासून शाळेतल्या मास्तरांपर्यंत सगळ्यांनी वेळोवेळी सांगून ठेवलंय. पण कॉमिक्सचं दुकान लावावं तर ते सुयोग जाधवनंच. बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीकडे रस्ता वळतो तिथे माझा गाळा होता. गाळा म्हणजे दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पण त्या एवढ्याशा जागेत मी काय मांडणी केली होती म्हणून सांगू!

लोकांना वाटतं, कॉमिक्स म्हणजे पुस्तकच, कपाटात उभी खोचली की झालं. अहो, कॉमिकला पाठ कुठे असते? दोन पिना मारलेला पातळ जीव तो. उभा केला की कमरेत वाकतो आणि बाजूनं बघितलं तर कुठलं कुठलं, काही पत्ता लागत नाही. कॉमिकचं तोंड गिऱ्हाइकाकडेच पाहिजे. म्हणून मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून उतरत्या फळ्यांचा रॅक बनवून आणला, वर नायलॉनच्या दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी नवा माल टांगला.

खरी अक्कल तर पुढेच आहे. आईच्या डोळ्यांच्या उंचीवर मी बोधकथा आणि शास्त्रज्ञांची चरित्रं लावायचो. पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर भुतं, राक्षस आणि कवट्या! आई वर बघून म्हणणार, चांगलं दुकान आहे. तोवर पोरानं खाली आपलं निवडलेलं असणार. आणि दोन भागांची गोष्ट असली तर पहिला भाग दारात, दुसरा सगळ्यात आत, माझ्या डोक्यावरच्या फळीवर. ज्याचा जीव टांगणीला लागलाय तो शोधत आत येतोच येतो. मी सगळं भाड्यानं द्यायचो आणि धंदा बरा चालला होता. दोन हजार चार सालची ही गोष्ट.

त्या वर्षी माझ्यापुढे एकच प्रश्न होता, तो म्हणजे स्वप्नाली. ही खरवईची, अंबरनाथला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. आमचं जुळलं होतं, फक्त तिच्या पप्पांना सांगायचं राहिलं होतं. पप्पा म्हणजे राजेंद्र गायकवाड, एका केमिकल कंपनीत सेफ्टी विभागात. घरातली गॅसची नळी रोज सकाळी तपासणारा माणूस! त्यांच्या दारातून आत शिरलं की समोर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली पुस्तकांनी गच्च भरलेलं काचेचं कपाट. ज्या महामानवानं पुस्तकांसाठी घर बांधलं, त्याच्या फोटोखाली टीव्ही ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम होता.

आणि नेमकं त्याच वेळी तिला वांगणीचं एक स्थळ सांगून आलं. मुलगा रेल्वेत, पर्मनंट! स्वप्नालीनं घाईघाईनं घरी सांगून टाकलं की मला दुसरा मुलगा पसंत आहे, त्याचं पुस्तकांचं दुकान आहे. पप्पांचा चेहरा म्हणे उजळला. म्हणाले, येत्या रविवारी दुकान बघतो, मग वांगणीवाल्यांना काय ते कळवू.

"पुस्तकांचं?" मी विचारलं.

"मग कॉमिक्स काय दगडावर छापतात?" ती म्हणाली. "रविवारपर्यंत तेवढं पुस्तकांसारखं दिसू दे. पुढचं मी बघते."

मी घरी येऊन आईपुढे डोकं धरून बसलो. आमची आई, जनाबाई, आयुष्यात कधी गडबडली नाही. दर जूनमध्ये ती माझ्या पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची. तशी कव्हरं अख्ख्या गल्लीत कुणाला जमत नसत. ती म्हणाली, "त्यात काय? कव्हर घातलं की कुठलंही पुस्तक घरंदाज दिसतं."

झालं! खाकी कागदाची भेंडोळी आली, डिंक आला आणि आई बसली. बुधवारपर्यंत दुकानातलं एकही कॉमिक उघड्या अंगाचं राहिलं नाही. प्रत्येकावर शाळेतलं लेबलही होतं. त्यावर नाव, इयत्ता, विषय असं छापलेलं, पुढे सगळं कोरं. तिथे नावं मी लिहायची होती. उद्या लिहू म्हटलं आणि ते राहिलंच. पाटीवर 'सुयोग कॉमिक्स' होतं, त्यातल्या 'कॉमिक्स'वरही मी खाकी कागद चिकटवला. दुपारचं ऊन थेट आत यायचं आणि कोरा खाकी रंग उडायला लागला, म्हणून शटर अर्धं खाली ओढून ठेवलं.

आता तुम्ही जरा समोरच्या फुटपाथवर उभे राहून माझ्या दुकानाकडे बघा. शटर अर्धं खाली. पाटीवरचं नाव झाकलेलं. आत सगळी पुस्तकं खाकी कागदात, एकावरही नाव नाही. तुम्हाला जे वाटलं, ते मला वाटलं नाही, एवढाच माझा गुन्हा!

पोरं यायची बंद झाली. माझं रोजचं गिऱ्हाईक सोनू, तो शटरखालून वाकून आत आला, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुम्ही पण?" मग शाळेत पुन्हा बसवतील या भीतीनं जो पळाला तो दिसलाच नाही.

पण गुरुवारी संध्याकाळी चमत्कार झाला. मागच्या गल्लीतला गिरणीवाला बाळा, पन्नाशीचा माणूस, डावी-उजवीकडे बघत शटरखालून आत आला. त्यानं हळूच विचारलं, आहे का? मी म्हटलं, भरपूर आहे. कसलं, तर म्हटलं, सगळ्या प्रकारचं आहे, मारामारीचं, भुताखेतांचं, जंगलातलं. तो जंगलातलं म्हटल्यावर जरा थबकला. मग म्हणाला, जंगलातलं द्या. उघडूनही न बघता त्यानं ते शर्टात सारलं आणि गेला.

दुसऱ्या दिवशी परत करायला आला तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. मी विचारलं, कसं वाटलं? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "वेगळंच आहे." मग घसा खाकरून विचारलं, मोठ्यांसाठी काही नाही का? मी म्हटलं, हे घ्या, दोन भागांत आहे, आणि डोक्यावरच्या फळीवरून हाताला आलं ते दिलं. नाव कुठे होतं त्यावर वाचायला?

मग रांगच लागली! सफारीवाले, बँकवाले, एक रिटायर्ड हवालदार. सगळे मान खाली घालून यायचे, उघडून न बघता न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी गप्प परत करून दुसरं न्यायचे. एकाचीही तक्रार नाही. आज कळतं की तक्रार करायची तर आधी आपल्याला काय हवं होतं ते सांगावं लागलं असतं! पण तेव्हा मी हवेत होतो. स्वप्नालीला फोन करून सांगितलं की पोरासोरांचं दुकान आता थोरामोठ्यांचं झालं, आईच्या कव्हरांची जादू! ती नुसतं "बरं" म्हणाली. तिला कुठेतरी शंका आली असावी.

रविवार उजाडला. गायकवाड साहेब आले, मागून स्वप्नाली. त्यांनी आधी मीटर बघितला, वायरी बघितल्या, वाळूची बादली का नाही ते विचारलं. मग आत वळले आणि थांबले. समोर खाकी पुस्तकांच्या शिस्तीत लावलेल्या फळ्या, आणि दारापासून गल्ल्यापर्यंत पाच-सहा प्रौढ माणसं दाटीवाटीनं, गुपचूप रांगेत उभी!

साहेबांनी रांगेला हात जोडले. म्हणाले, रविवारी सकाळी माणसं मटणाच्या दुकानाबाहेर उभी असतात, आज पहिल्यांदा पुस्तकांच्या रांगेत बघतोय. त्यांनी सगळ्यात पुढे असलेल्या बाळाचा हात हातात घेऊन विचारलं की आपण काय वाचता. बाळाचं तोंड दळणाच्या पिठाइतकं पांढरं झालं.

"मी मिसेससाठी नेतो," तो म्हणाला.

साहेब आणखी खूश. नवरा-बायको दोघंही वाचतात! स्वप्नालीनं माझ्याकडे बघितलं, मी कॉलर ताठ केली. लग्न ठरल्यात जमा होतं.

तेवढ्यात शटर धाडकन वर गेलं. दारात बाळाची मिसेस, कौसाबाई! आमच्या भागातल्या महिला मंडळाची अध्यक्ष. मागे मंडळाच्या बायका. कौसाबाईच्या हातात सांडशी, आणि सांडशीत धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतून खाकी कोपरा दिसत होता.

"हे माझ्या घरात गादीखाली सापडलं," ती म्हणाली. "मी उघडलेलं नाही. हातसुद्धा लावलेला नाही." मग तिची नजर गायकवाड साहेबांवर गेली. "तुम्ही तर चांगल्या घरचे दिसता. तुम्ही पण?"

"मी मुलीचं लग्न ठरवायला आलोय," साहेब म्हणाले.

"इथं?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अर्धं शटर, झाकलेली पाटी, शर्टात सारलेली पुस्तकं, सगळं एकदम उलगडलं. साहेबही हळूहळू समजत होते. त्यांनी बाळाचा हात सोडला आणि आपला हात रुमालाला पुसला. माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर! कव्हर काढावं तर पुस्तकांच्या दुकानाचं सोंग उघडं पडणार, नाही काढावं तर त्याहून भयंकर. मी स्वप्नालीकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली, "काढ."

मी हाताजवळचं एक ओढलं आणि टरकन कव्हर फाडलं. आतून निघाला कॅप्टन गेंडा! डोक्यावर शिंगाचं लोखंडी हेल्मेट, पाठीवर हिरवा झगा, आणि स्वारी उलटी टांगलेली उकळत्या ॲसिडच्या टाकीवर, दोर पेटलेला. खाली लिहिलेलं, 'सातवीं सुरंग, पहला भाग'.

बायका गोंधळल्या होत्या, पण खरा धक्का रांगेला बसला. सफारीवाल्यानं बारीक आवाजात विचारलं, सगळी अशीच आहेत? मी म्हटलं, सगळी. त्यानं आपलं पुस्तक फळीवर ठेवलं आणि मोठा उसासा टाकला.

गायकवाड साहेबांनी माझ्या हातातून कॉमिक घेतलं. मी मनातल्या मनात वांगणीच्या मुलाला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. साहेब चित्राकडे बघत राहिले, बघतच राहिले.

"टाकीला कठडा नाही," ते म्हणाले.

मग ते स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. मध्येच म्हणाले, हेल्मेट आहे पण गॉगल नाही. पान उलटून म्हणाले, ॲसिडशेजारी मशाल लावणारा कोण तो गाढव? आम्ही सगळे उभे. कौसाबाई सांडशी धरून उभी. शेवटचं पान आलं. साहेबांनी ते उलटून मागे बघितलं, पुन्हा पुढे बघितलं.

"हा सुटतो कसा?"

"दुसऱ्या भागात," मी म्हटलं.

"आणा."

दुसरा भाग माझ्या डोक्यावरच्या फळीवर. मी हात वर केला आणि गार पडलो. सगळी फळी खाकी, सगळी लेबलं कोरी! मी एक फाडलं, भलतंच निघालं. दुसरं फाडलं, शास्त्रज्ञ निघाला. मग स्वप्नाली सरसावली, मग सफारीवाला, मग हवालदार. बायका पदर खोचून पायरीवरच बसल्या. पाच मिनिटांत गाळाभर खाकी चिंध्या, आणि माझी ती जगात भारी मांडणी जमिनीवर ढीग होऊन पडलेली. अर्ध्या बायका शोधायच्या सोडून वाचतच बसल्या होत्या. एवढ्यात पाहुण्यांसाठी पोह्यांचा डबा घेऊन आमची आई आली, आणि दारातच थांबली.

"तीन दिवस बसले होते रे मी," ती म्हणाली. मला खरंच रडू आलं.

दुसरा भाग काही मिळाला नाही. साहेब उठले. म्हणाले, खोटं बोललात ते वेगळंच, पण अर्धी गोष्ट हातात देऊन माणसाला टांगून ठेवणाऱ्याच्या घरी मुलगी कशी द्यायची? स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हा कोपऱ्यातून बाळा खोकला. "हिच्या पिशवीत बघा," तो म्हणाला. "मला दुसराच भाग मिळालाय. पहिल्यात काय झालं तेच कळेना, म्हणून परत परत वाचत होतो."

कौसाबाईनं पिशवी उलटी केली. सांडशीनंच कव्हर सोलून काढलं. 'सातवीं सुरंग, दूसरा भाग'! साहेबांनी तो घेतला, बाळानं पहिला घेतला, आणि एका स्टुलावर दोघं अर्धे अर्धे टेकून वाचायला लागले. आईनं सगळ्यांना पोहे वाटले.

वाचून झाल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "कॉमिक्स आहे तर कॉमिक्स म्हणा. वाचायची वस्तू आहे, त्यात लपवायचं काय? मला तुमचं लपवणं आवडलं नाही, दुकान आवडलं." त्यांनी स्वप्नालीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला जवळ बोलावलं. "पण हा तर दुसऱ्या भागातही टाकीवरच आहे. तिसरा कधी येतो?"

"पुढच्या लॉटमध्ये," मी बोलून गेलो.

"मग साखरपुडा त्याच सुमाराला धरू."

दुसऱ्याच दिवशी मी उल्हासनगरला मुकेशभाईंकडे धावलो. माझा सगळा माल त्यांच्याकडूनच यायचा. तिसरा भाग म्हटल्यावर ते हसायलाच लागले. "तीसरा पार्ट? साईं, वो कंपनी को तो कब का ताला लग गया."

लॉटची वाट बघत साखरपुडा झाला, आता लग्नाला तीन वर्षं होतील. दर रविवारी आम्ही खरवईला जेवायला जातो, मेव्हणी आणि साडूही येतात. मटण असतं. ताट वाढलं की सासरे पातेल्यातून नळी शोधून आधी माझ्या ताटात घालतात आणि विचारतात, "काय जावईबापू, आला का लॉट?" मी म्हणतो, येतोय, जकात नाक्यावर अडकलाय. ते मान हलवतात आणि टाकीला कठडा कुठे बसवायला हवा होता ते मला पुन्हा समजावून सांगतात.

हे तुम्हाला म्हणून सांगितलं. खरवईच्या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर कृपा करून बोलू नका. सासऱ्यांना दोन जावई आहेत आणि नळी एकच असते.