नऊमजली पोलादी महाल पडला त्याची हकीकत

श्रीगजानन साक्ष आणि ऐकणारी बाळे साक्ष. बाळांनो, आधी एक मनात आणा. खराट्याची लांब काडी जमिनीवर उभी धरली आणि वरून बोटाने दाबली, तर ती मधोमध वाकते. तीच काडी मध्ये दोन ठिकाणी चिमटीत धरून दाबली, तर वाकत नाही. काडी तीच, बोट तेच, फक्त चिमट्या आल्या. एवढे ध्यानी घ्या आणि मग पुढे ऐका.

शके अठराशे एकोणतीस, प्लवंगनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमीस एका राज्यात नऊमजली पोलादी महाल सिद्ध जाहला. गादीवर गोजराबाई ताईसाहेब, वय वर्षे नऊ. आईबाप पटकीने गेलेले आणि कारभार मामा रंभाजीराव यांचे हाती. महाल सटवाजी मिस्त्रीने उभारिला, आणि काम चालू असता ताईसाहेब रोज पाहावयास जात आणि पुसत, "मिस्त्री, खांब एवढे जाड, मग ह्या आडव्या तुळया कशाला?" मिस्त्री म्हणे, "ताईसाहेब, खांब भार पेलतो, पण एकट्याने सरळ राहणे त्याला जमत नाही. दर मजल्याला तुळई त्याला धरून ठेवते. आणि तुळईला खांबाशी कोण धरतं? हे रिव्हेट, अंगठ्याएवढे. सगळा महाल ह्या अंगठ्यांवर उभा." मग त्याने मामांस विनंती केली की तुळयांवर विटा-चुन्याचे कवच चढवावे, आगीची धग लागणार नाही. मामा म्हणाले, "पोलाद काय सरपण आहे? चकाकी दिसू दे." आणि कवच चढवायचे राहून गेले.

वास्तूचा दरबार नवव्या मजल्यावर भरला, माणूस तीनशे बारा. त्या राज्यात दोन रीती होत्या. मुहूर्ताची तोफ होण्याआधी जो स्वामी आसन सोडील त्याची गादी भाऊबंदांकडे जाई. आणि स्वामी उतरल्यावाचून कोणी जिना उतरत नसे. तोफेस एक घटका उरली असता पाचव्या मजल्यावर रोषणाईच्या घासलेटाचे डबे पेटले, आणि पाणी तेथवर चढेना. मग मिस्त्री उघड्या डोक्याने धावत वर आला आणि मुजरा न करताच बोलू लागला.

मामा म्हणाले, "रीत विसरलास, मिस्त्री. आग खाली आहे, आपण वर आहोत. पोलाद जळत नाही, तुला तेव्हाच ना सांगितले?"

"जळत नाही सरकार, मऊ पडतं. लाल दिसू लागलं की निम्मं बळ गेलेलं असतं. तुळया झोळीसारख्या लोंबल्यात आणि खांबांना आत ओढताहेत. रिव्हेट तुटताना मी ऐकलेत."

एक सरदार मिशीवर हात फिरवीत म्हणाले, "मिस्त्रीबुवांना स्वतःच्या कामाचा भरवसा दिसत नाही."

"तोफ झाली की सावकाश उतरू," मामा म्हणाले.

"तोवर महालच उतरेल, सरकार."

कोणी हलले नाही. तीनशे माणसे आसनाकडे पाहत राहिली. ताईसाहेबांनी विचारिले, "मिस्त्री, तुळया किती मजल्यांच्या गेल्या?"

"पाचव्याच्या गेल्या. सहाव्याच्या चालल्यात."

ताईसाहेब समजल्या. एका मजल्याएवढा खांब आता दोन मजल्यांएवढा जाहला होता, आणि त्यास मध्ये धरणारे कोणी नव्हते. मामा कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "गोजरा, उठलीस तर उद्यापासून तू कोणी नाहीस. बाबांची गादी आहे ही. बस." ताईसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मामांची बाही धरली आणि म्हणाल्या, "मामा, तुम्हीपण चला ना." मामांनी बाही सोडवून घेतली. मग ताईसाहेब आसनावरून उतरल्या.

भालदार पुढे होऊन बिरुदे गाऊ लागला, त्यास म्हणाल्या, "नको, नुसते पळा." आणि दरबार जिन्यावर लोटला. पाचव्या मजल्याच्या दारातून खांब दिसला, तो धनुष्यासारखा वाकला होता. मिस्त्री तेथेच उभा राहून एकेकास खाली ढकलीत होता आणि म्हणत होता, "तिकडे बघू नका, पायरी बघा." मामा आणि काही सरदार तोफेसाठी वर बसून राहिले. मग रिव्हेट लाह्यांसारखे तडतडले, खांब मोडला, त्याचा भार शेजारच्यावर गेला आणि तोही मोडला. वरचे मजले खालच्यांवर कोसळले, आणि तो दणका सोसावा असा एकही जोड केला नव्हता. बारा अंक मोजावेत इतक्यात अवघे भुईस मिळाले. शेहेचाळीस माणूस आत राहिले, त्यांत मामा आणि मिस्त्री. धूळ बसली नाही तोच किल्ल्यावर तोफ जाहली, कारण गोलंदाजास कोणी कळविले नव्हते.

येणेप्रमाणे महाल पडला. लोखंड खोटे नव्हते, खांब कमी नव्हते. तुळया तापल्या, जोड सुटले, खांब एकटे पडले, म्हणून वाकले. इतके तात्पर्य.

राहिले ते एवढेच. ढिगाऱ्यातून कण्हण्याचा आवाज येऊ लागला. तेव्हा भाऊबंदांचे कारभारी पुढे येऊन म्हणाले, "नव्या स्वामींचा हुकूम येईतो कोणी हात लावू नये. स्वामी तीन कोसांवर आहेत." लोक हात बांधून उभे राहिले. ताईसाहेबांनी कारभाऱ्यांकडे पाहिले, पदर खोचला, आणि ढिगाऱ्यावर चढून पहिली वीट बाजूला काढली.