भानुदासरावांचा स्टीलचा पेला

जालन्यातल्या मस्तगडात आमच्या शेजारी राहणाऱ्या भानुदासरावांना नुसतं ‘हो’ चालत नाही. दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर जास्त आण म्हणून सांगितलं की लगेच पुढचा हुकूम, “परत म्हण.” तो सगळं परत म्हणतो, तेव्हा कुठे सुटतो.

ही खोड नातीमुळे लागलेली. लेकीची मुलगी रेणू अंबडहून त्यांच्याकडे राहायला आली होती. तिला विमान चालवता येत होतं, पण वैमानिकांच्या इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. ती परीक्षा सुटेपर्यंत नोकरीचं नाव नको. विमानतळाच्या टॉवरवरून आलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणायची असते, हे तिच्याकडून कळलं आणि भानुदासरावांना भारीच पटलं. सगळी हयात त्यांनी एसटी स्टँडवर गाड्या पुकारण्यात घालवलेली. म्हणाले, “आमच्याकडं असं असतं, तर अंबडची माणसं बदनापूरच्या गाडीत बसली नसती.”

मी निवृत्त इंग्रजी शिक्षक, म्हणून रेणू आधी माझ्याकडे शिकायला यायची. मी तिला शब्दाशब्दाला अडवायचो. पोर हळूहळू बोलायचीच बंद झाली. नुसती मान हलवायची.

मग भानुदासरावांनी सूत्रं हाती घेतली. त्यांचं इंग्रजी ‘ओके’पाशी संपायचं. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचं, तोंडावर स्टीलचा पेला धरायचा आणि बिनतारी यंत्रासारख्या आवाजात विचारायचं, “धावपट्टीवर म्हैस फिरून राह्यली. मंग तू काय करती?” बाहेरच्या खोलीतून रेणू इंग्रजीत उत्तर द्यायची. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही. ते फक्त आवाज ऐकायचे. “घाबरली तू. जल्दी न्हाई. परत म्हण.”

एकदा मी खिडकीतून तिचा क्रियापदाचा काळ चुकल्याचं सांगितलं. त्यांनी पेला माझ्याकडे वळवला. “सर, तुम्ही सध्या उतरू नका. वरच घिरट्या घाला.”

रेणू खळखळून हसली. त्या घरात तिला हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

ती पास झाली. गल्लीने सत्कार केला आणि मार्गदर्शक म्हणून शाल माझ्या खांद्यावर घातली. मी ती घेतली. टाळ्या सगळ्यांत जोरात भानुदासरावांच्या. ती शाल त्यांची होती, हे लिहायला मी फार उशीर केला.

रेणू आता वैमानिकाच्या नोकरीवर दूरच्या शहरात असते. घरात भानुदासराव एकटेच. संध्याकाळी संभाजीनगरकडे जाणारं विमान दिसलं की ते पेला घेऊन गच्चीवर येतात. “रेणू, जालना बराबर तुझ्या खाली हाय. सावकाश जाय.” ते विमान तिचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. तिथे ते ‘परत म्हण’ म्हणत नाहीत. पेला तेवढा कानाला लावतात आणि दिवा दिसेनासा होईपर्यंत थांबतात.

शेजारच्या गच्चीवर मी असतो, शालीची घडी हातात घेऊन. घिरट्या घालतो. उतरायची परवानगी अजून मागितलेली नाही.